एसी पंप बदलल्यावर पेट्रोलच्या लाइनचा एल्बो गळतो : नेमका अडॅप्टर कसा ओळखावा?

कातळवाट

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९७४ सालची पेट्रोलवरची महिंद्रा जीप आहे. इंजिन मूळचेच, म्हणजे हरिकेन आहे. गेल्या महिन्यात ऑइलची कांडी काढून पाहिली तेव्हा पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली होती आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनावरच्या यांत्रिक पंपाचा, डायफ्रॅम फाटून पेट्रोल इंजिनाच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत आहे हे लक्षात आल्यावर मी गाडी बंद ठेवली, नवा पंप आणला, ऑइल बदलले आणि पंप स्वतःच बसवायला घेतला.

पंप सरळ बसला. अडचण आली ती कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या बाजूच्या पितळी एल्बोची, म्हणजे काटकोनी जोडाची. जुन्या पंपातून तो सोडवताना आट्यांच्या मुळाशी तुटला. तालुक्याच्या ठिकाणी एका स्पेअर पार्टच्या दुकानात तुटलेला तुकडा दाखवला, तेव्हा दुकानदाराने ‘एक सुती आहे’ असे सांगून तसाच दिसणारा नवा एल्बो दिला. तो हाताने तीन फेरे छान आत गेला, पुढे जड झाला. मी टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने आवळला. तीन दिवस काही जाणवले नाही. चौथ्या दिवशी भोरहून वरंध घाटाकडे निघालो असताना चढावर गाडी दम टाकू लागली. बॉनेट उघडून पाहिले तर एल्बोच्या बुडाशी पेट्रोलचा ओलावा होता, आणि त्या जागेपासून एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड हातभरही लांब नाही. मी गाडी तिथेच थंड होऊ दिली आणि उताराने हळूहळू परत आणली.

घरी आल्यावर व्हर्नियरने मोजमापे घेतली, ती अशी. तुटलेल्या जुन्या तुकड्याचा आट्यांवरचा बाहेरचा व्यास १०.२ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि नव्याचा ९.७ च्या आसपास. आठ आट्यांची लांबी जुन्यावर साधारण साडेसात मिलिमीटर भरते, नव्यावर सव्वासात. दोन्ही तुकडे शेंड्याकडे किंचित निमुळते आहेत. एल्बोच्या दुसऱ्या तोंडाला अडीच सुती पाइपचा नट बसतो आणि तिथे गळती दिसत नाही. हा फरक कशामुळे आहे, आणि कोणता एल्बो मागावा हे दुकानात कसे सांगावे, याचे मार्गदर्शन हवे आहे. टेपचा आणखी एक थर देऊन पाहण्याची माझी तयारी नाही.

पिचगेज

टेप वाढवली नाहीत हे फार चांगले केलेत. तुमच्या मोजमापांतच उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर माझी तीस वर्षे गेली आहेत आणि हा घोटाळा माझ्या टेबलावर दर काही महिन्यांनी येतो.

तुमचा जुना एल्बो एनपीटी आट्यांचा आहे आणि नवा बीएसपी आट्यांचा. दोघांनाही बाजारात ‘एक सुती’, म्हणजे १/८ इंची, असेच म्हणतात. हे १/८ आट्यांच्या व्यासाचे माप नसून फार पूर्वीच्या पाइपच्या आतल्या भोकाचे नाममात्र माप आहे. म्हणूनच ‘एक सुती’ म्हणवणारी वस्तू प्रत्यक्षात सव्वातीन सुतांची भरते. अमेरिकन एनपीटीला इंचात २७ आटे असतात आणि आट्याचा कोन ६० अंशांचा असतो. ब्रिटिश बीएसपीला इंचात २८ आटे आणि कोन ५५ अंशांचा. जीपचे घराणे अमेरिकन, त्यामुळे तिच्या पंपाला अमेरिकन आटे आले. आपल्याकडचे नळकाम आणि कॉम्प्रेसरची फिटिंगे बहुतेक ब्रिटिश पद्धतीची, त्यामुळे दुकानातल्या खोक्यात हात घातला की बीएसपीच हाताला लागते.

सत्तावीस आणि अठ्ठावीस यांत फरक तो किती, असे वाटेल. एका आट्यामागे तो सुमारे ०.०३४ मिलिमीटर आहे, म्हणून पहिले दोन-तीन फेरे काहीच जाणवत नाही. पण पाचव्या आट्यापर्यंत हा फरक साचून ०.१७ मिलिमीटर होतो, आणि तिथे आटा आट्यावर चढतो. तुमचा एल्बो तीन फेऱ्यांनंतर जड झाला तो निमुळतेपणामुळे घट्ट बसला म्हणून नव्हे, तर चुकीच्या खाचेत अडकला म्हणून. बाकीच्या आट्यांच्या शेंड्यांवर बारीक पोकळी राहिली आणि तिच्यातून पेट्रोल मळसूत्राच्या वाटेने वर चढले. टेपने ती पोकळी तीन दिवस बुजवली, इतकेच.

ओळखण्याची एक सोपी रीत सांगतो. जुना आणि नवा तुकडा एकमेकांच्या पाठीला पाठ लावून, आट्यात आटा बसवून, खिडकीच्या उजेडासमोर धरा. पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, एकच असेल तर सगळ्या आट्यांमध्ये उजेडाची सारखी रेघ दिसते किंवा मुळीच दिसत नाही. पिच वेगळी असेल तर एका टोकाला दाते घट्ट बसलेले आणि दुसऱ्या टोकाला फट उघडलेली दिसते. यासाठी पिच गेजचीही गरज नाही; फक्त दोन्ही तुकडे घासलेटाने धुऊन ब्रशने स्वच्छ केलेले हवेत, कारण जुन्या टेपचा एक धागा खाचेत राहिला तरी नजर फसते.

मेट्रिकमधला एम१० गुणिले १ हाही याच घरातला तिसरा भाऊ आहे. त्याचा व्यास १० मिलिमीटर आणि पिच पूर्ण १ मिलिमीटर असते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक पाइपच्या नटांना हेच आटे असतात, त्यामुळे ब्रेकचे सामान विकणारा माणूस तो पुढे करतो. तोही दोन-तीन फेरे आत जातो.

पंपाच्या तोंडाचे आटे आता नीट तपासा. पंपाची बॉडी डायकास्टची असते आणि तिच्यावर पितळ भारी पडते. चुकीचा एल्बो पान्याने आवळल्यामुळे आतले आटे दबले असतील तर १/८ एनपीटीचा टॅप (आतले आटे पाडायचे हत्यार) हाताने, तेल लावून, एकदाच सावकाश फिरवून घ्या. पंप गाडीवरून काढूनच हे करा, कारण कीस आत गेला तर झडपेखाली अडकतो.

मावळतीर

माझे मत थोडे वेगळे आहे. एवढ्या खटपटीपेक्षा धातूचा पाइप दोन्हीकडून कापून पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत सरळ रबरी होज घालावा आणि दोन्ही टोकांना क्लिप लावाव्यात. आमच्या भागातल्या अनेक जीपवर वर्षानुवर्षे असेच आहे आणि गाड्या चालतात. एसी पंपाचा दाब तीन-चार पीएसआयच असतो. तेवढ्याला होज पुरतो.

पिचगेज

दाबाबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण माझा आक्षेप दाबाला नाही. पंपाच्या तोंडाला आटे आहेत, होज अडकवायची नळी नाही. म्हणजे होज लावायचा तरी आट्यांचे निपल लागणारच आणि प्रश्न पुन्हा २७ की २८ इथेच येतो. दुसरे असे की कापलेल्या धातूच्या पाइपचे तोंड गुळगुळीत असते. त्यावर बारीक उंचवटा काढल्याशिवाय होज चढवला तर क्लिप कितीही आवळली तरी गरम इंजिनावर तो हळूहळू सरकतो. आणि मॅनिफोल्डच्या शेजारून रबर नेणे मला पटत नाही.

मात्र एका ठिकाणी लवचीक नळी हवीच. टाकीकडून येणारा पाइप चासीला बांधलेला असतो आणि पंप इंजिनावर असतो. इंजिन माउंटिंगवर हलते, चासी हलत नाही. तिथे सलग धातूचा पाइप घातला तर तो फ्लेअरच्या, म्हणजे नटात बसणाऱ्या पसरवलेल्या तोंडाच्या, मुळाशी चिरतो. म्हणून टाकीच्या बाजूला छोटी लवचीक नळी आणि कार्ब्युरेटरच्या बाजूला धातूचा पाइप, ही जीपची मूळ रचनाच योग्य आहे, कारण पंप आणि कार्ब्युरेटर दोन्ही इंजिनासोबतच हलतात.

मावळतीर

इंजिन आणि चासीच्या हालचालीचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. आमच्या जीपचा पाइप दोनदा त्याच जागी चिरला होता, त्याचे कारण आज कळले.

नाशिकचा फिटर

मी डिझेलवाला आहे, पण विषय जवळचा आहे म्हणून लिहितो. ज्यांच्या जीपमध्ये प्यूजोचे किंवा एमडीआयचे डिझेल इंजिन आहे, त्यांना वरची एनपीटी-बीएसपीची चर्चा सहसा लागू पडत नाही. आमच्याकडे फीड पंपाला बँजो बोल्ट (आतून पोकळ, इंधन मधून जाऊ देणारे) असतात, बहुधा एम१४ गुणिले १.५ चे. इथे आटे सरळ असतात आणि ते फक्त आवळण्याचे काम करतात. डिझेल अडवतात ते बँजोच्या वर आणि खाली असलेले दोन तांब्याचे वायसर. आट्यांवर टेप गुंडाळणारे लोक मी पाहिले आहेत. तिथे टेपचा काही उपयोग नाही, उलट तिचे तुकडे बोल्टाच्या आडव्या भोकात जाऊन बसतात.

वायसर दर वेळी नवे घालावेत. नवे मिळालेच नाहीत तर जुना वायसर गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून थंड करावा, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होते. मग सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू घासाव्यात. बोल्ट काढताना कोणता कुठला याची खूण करून ठेवा. रिटर्नच्या बोल्टात अरुंद भोक किंवा झडप असते आणि बाहेरून तो इतर बोल्टांसारखाच दिसतो. त्यांची अदलाबदल झाली की गाडी उचलत नाही आणि माणूस पंपाला दोष देत बसतो.

आणखी एक गोष्ट पेट्रोलवाल्यांनाही लागू आहे. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या बाजूला ओढ असते, दाब नसतो. तिथले फिटिंग सैल असेल तर गाडी चालू असताना बाहेर थेंबही दिसत नाही, कारण पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. आमच्या भाषेत गाडी एअर घेते. चढावर, टाकीत पेट्रोल कमी असताना, हे आधी जाणवते. कातळवाट यांची गाडी घाटात दमली त्याचे कारण त्यांना दिसलेल्या ओलाव्याइतकेच, किंबहुना जास्त, या न दिसणाऱ्या बाजूला असू शकेल. ते फिटिंगही पंप बदलताना सुटले होतेच. ते तपासल्याशिवाय काम झाले असे समजू नये.

ओहायोकर

मी बारा वर्षे ओहायोत राहतो. ज्या टोलेडो शहरात विलिस कंपनी जीप बनवत असे, ते माझ्या घरापासून फार लांब नाही. इथे परिस्थिती बरोबर उलटी आहे. कोपऱ्यावरच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात १/८ एनपीटीचा पितळी एल्बो खोक्याने मिळतो आणि बीएसपी मागितले तर माणूस तोंडाकडे पाहतो. एका ब्रिटिश गाडीसाठी मला ते टपालाने मागवावे लागले होते.

दुकानात मागताना एल्बोची दोन्ही तोंडे वेगवेगळी सांगावीत: एका बाजूला १/८ एनपीटी बाहेरचे आटे, दुसऱ्या बाजूला ५/१६ इंची पाइपसाठी इन्व्हर्टेड फ्लेअरची आतली बैठक, जिचे आटे १/२ इंच २०, म्हणजे १/२ इंच व्यासाचे आणि इंचात २०, असतात. हा आकडा पाइपच्या मापाप्रमाणे ठरलेला असतो. १/४ इंची पाइपला ७/१६-२४, ५/१६ ला १/२-२० आणि ३/८ ला ५/८-१८. पाइपचे माप नेहमी बाहेरचा व्यास धरून सांगायचे असते; अडीच सुती पाइप व्हर्नियरवर ७.९ मिलिमीटर भरतो. आपल्याकडे त्याऐवजी ८ मिलिमीटरचा पाइप सर्रास घालतात. तो नटातून जातोही, पण एकदा का सगळीकडे मेट्रिक सामान येऊ लागले की पुढच्या माणसाला काय कुठे आहे ते कळत नाही.

निळी हॅचबॅक

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारतो. माझी एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेली, गाडी आहे आणि टाकीतला पंप बदलायचा आहे. मागच्या सीटखालचे झाकण काढले तर पंपाला आट्यांचे काहीच नाही. प्लास्टिकचे कुलूपवजा कनेक्टर आहेत. नव्या पंपाची नळी जुन्यापेक्षा किंचित जाड दिसते. थोडा जोर लावला तर बसेल का?

पिचगेज

कृपया जोर लावू नका. हे झटपट जोडणीचे कनेक्टर आहेत आणि त्यांची मापे ठरलेली असतात. नेहमी भेटणारी दोन म्हणजे ७.८९ आणि ९.४९ मिलिमीटर, सोप्या भाषेत अडीच सुती आणि तीन सुती. पंपाच्या नळीच्या टोकाजवळ एक उंच कडे असते, ते कड्याच्या मागे कुलपाचे दाते अडकण्यासाठी. नळीचा व्यास त्या कड्याच्या पुढच्या गुळगुळीत भागावर व्हर्नियरने मोजा. माप जुळत नसेल तर तो पंप तुमच्या गाडीचा नाही, तो परत करा. या गाड्यांत दाब साधारण तीन बार असतो, म्हणजे जीपच्या दहापटीहून जास्त. कनेक्टर कापून तिथे साधा होज आणि क्लिप लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

जोडणी सोडवण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मगच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नवी जोडणी करताना नळीला इंजिन ऑइलचा एक थेंब लावा. टक असा आवाज आला तरी त्यावर विसंबू नका. कनेक्टर मागे ओढून पाहा. आतली ओ-रिंग कडक झालेली असेल तर टक आवाज येतो आणि तरीही गळते.

कातळवाट

सर्वांचे मनापासून आभार. आज केलेले काम क्रमाने लिहितो.

दोन्ही तुकडे धुऊन उजेडासमोर धरले. पहिले दोन आटे एकमेकांत बसले, चौथ्यापाशी केसाएवढी फट दिसू लागली आणि सातव्यापाशी ती आणखी रुंद झाली. इतके स्पष्ट दिसेल असे वाटले नव्हते. हे पाहायला खिडकीपाशी माझा मुलगाही येऊन उभा राहिला होता.

पुण्यात हायड्रॉलिक फिटिंगच्या एका दुकानात ओहायोकर यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही तोंडांचे वर्णन केले. त्यांच्याकडे तयार एल्बो नव्हता, पण १/८ एनपीटीचा सरळ अडॅप्टर होता आणि दुसरीकडची बैठक बरोबर होती. एल्बोऐवजी सरळ अडॅप्टर घेतल्यामुळे पाइपला एक वळण जास्त द्यावे लागले, म्हणून नवा स्टीलचा पाइप करून घेतला. तिथल्या कारागिराने तांब्याचा पाइप वापरू दिला नाही. तांबे हादऱ्यांनी कडक होऊन चिरते आणि त्याच्या संगतीत पेट्रोल लवकर खराब होऊन चिकट राळ धरते, असे त्याने सांगितले. पाइपचे तोंड ४५ अंशांत आणि दुहेरी दुमडून घेतले.

एका गोष्टीची मात्र शंका आहे. आमच्या गावच्या जुन्या मेकॅनिकने टेपऐवजी आट्यांना शेलॅक लावायला सांगितले. पूर्वी सगळे तेच लावत, असे त्यांचे म्हणणे आहे. लावावे का?

पिचगेज

शेलॅक म्हणजे आपली चपडी लाख. पेट्रोलमध्ये ती विरघळत नाही, म्हणून जुने मेकॅनिक ती लावत आणि त्यांचे काही चुकत नव्हते. पण सुतार पॉलिशसाठी हीच चपडी स्पिरिटमध्ये विरघळवतात, आणि आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे स्पिरिटमधलेच अल्कोहोल, असते. २०२३ पासून हे ई-२० पेट्रोल येऊ लागले आणि आता जवळपास सगळीकडे तेच आहे. त्यात शेलॅक टिकणार नाही. पेट्रोल आणि अल्कोहोल दोन्हींना टिकणारे थ्रेड सीलंट मिळते, ते फक्त पंपात जाणाऱ्या निमुळत्या आट्यांना लावा आणि शेंड्याकडचे पहिले दोन आटे कोरडे ठेवा. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने दीड ते दोन फेरे, त्याहून जास्त नको. डायकास्टचे तोंड फुटते.

फ्लेअरच्या बाजूला काहीही लावू नका, टेप नाही, सीलंट नाही. तिथे पाइपचे दुमडलेले तोंड आणि अडॅप्टरची शंकूसारखी बैठक यांचा धातूला धातू लागून बंदोबस्त होतो. नट आवळताना अडॅप्टर दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर आत्ताच बसवलेला अडॅप्टर पंपात आणखी फिरतो.

याच कारणासाठी टाकीकडची लवचीक नळीही इथेनॉलला चालणारीच घ्या. जुने रबर बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून सुटून त्याचे काळे कण गाळणीत येतात.

कातळवाट

काल रात्री काम पूर्ण केले. नाशिकच्या बंधूंनी सांगितलेली टाकीकडची बाजू तपासली. टाकीपाशी पाइप सोडवून पंपाच्या बाजूचे टोक बूच लावून बंद केले आणि सायकलच्या पंपाने जेमतेम चार-पाच पीएसआय हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावले. चासीवरच्या जोडापाशी, जिथे मी कधी हातही लावला नव्हता, एक बारीक बुडबुडा फुगत होता. फुगायचा, फुटायचा आणि तिथेच पुन्हा यायचा. नट उघडला तर फ्लेअरच्या तोंडावर नखाला लागेल न लागेल अशी चीर होती. नेमका तोच जोड हवा ओढत होता. तोंड कापून पुन्हा फ्लेअर काढला, नवी नळी घातली, आणि बुडबुडा थांबला.

आज सकाळी भोरहून निघून वरंध घाटाच्या माथ्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये गेलो. गाडी एकदाही अडखळली नाही. माथ्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक फिटिंगवर कोरडे वर्तमानपत्र दाबून पाहिले. कागद कोरडा राहिला.

नाशिकचा फिटर

उत्तम. कागदाची ही तपासणी गरम इंजिनावर नव्हे, तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर पुन्हा एकदा करा. थंडीत धातू आकसतो आणि गरम असताना बंद राहिलेली फट तेव्हा उघडते. पाचशे किलोमीटर झाल्यावर नट जागेवर आहेत का तेवढे पान्याने पाहून घ्या. हलत नसतील तर उगाच आवळू नका.

कातळवाट

पाहतो आणि इथेच कळवतो. तुटलेला जुना एल्बो ‘१/८ एनपीटी, २७ आटे’ अशी चिठ्ठी बांधून टूलबॉक्समध्ये ठेवला आहे.